स्मार्टफोन व संगणक यांमधील फाइलींची देवाणघेवाण

स्मार्टफोनमधील छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती व दस्तऐवज संगणकावर नेणे, संगणकावरील फाइली फोनमध्ये आणणे आणि दोन्हीकडील प्रतींची व्यवस्था ठेवणे या क्रियांना एकत्रितपणे फाइलींची देवाणघेवाण म्हणता येते. फाइल या अर्थी मराठीत संचिका व धारिका हे शब्दही वापरले जातात. या लेखात बोलण्यात रुळलेला फाइल हाच शब्द ठेवला आहे. ही देवाणघेवाण केबलने, बिनतारी मार्गाने किंवा इंटरनेटवरील साठवणसेवेच्या मध्यस्थीने होते. फोन हरवणे, पाण्यात पडणे किंवा त्याचा पडदा फुटणे या नित्याच्या घटना आहेत. त्यामुळे फोनमधील मजकुराची दुसरी प्रत अन्यत्र असणे हे या व्यवस्थेचे सर्वांत महत्त्वाचे प्रयोजन होय.

केबलद्वारे जोडणी

अँड्रॉइड प्रणालीच्या सुरुवातीच्या फोनमधील मेमरी कार्ड केबल जोडताच संगणकाला पेन ड्राइव्हसारखे दिसत असे. साठवणीच्या एकाच जागेवर दोन यंत्रणा एकाच वेळी लिहू लागल्या, तर तेथील फाइलींची नोंद विस्कटते. म्हणून कार्ड संगणकाच्या ताब्यात असेपर्यंत फोनला ते वापरता येत नसे. २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ३.० पासून ही पद्धत मागे पडून मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल, संक्षेपाने एमटीपी, ही पद्धत रूढ झाली. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी असलेल्या पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉलचा विस्तार करून मायक्रोसॉफ्टने ती विकसित केली होती आणि २००८ मध्ये यूएसबीच्या अधिकृत मानकांत तिचा समावेश झाला.

या दोन पद्धतींतील भेद ग्रंथालयाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. पहिल्या पद्धतीत वाचकाच्या हाती कपाटाची किल्लीच दिली जाते. दुसरीत वाचक चिठ्ठी देतो आणि ग्रंथपाल पुस्तक काढून आणतो. एमटीपीमध्ये फोन हा ग्रंथपाल असतो. संगणकाला फोनच्या साठवणीला थेट हात लावता येत नाही; तो केवळ फाइल मागतो किंवा देतो. म्हणून फोनमधील फाइल संगणकावर दुरुस्त करायची असल्यास ती आधी संपूर्ण उतरवून घ्यावी लागते व नंतर परत पाठवावी लागते. नुकतीच तयार झालेली एखादी फाइल फोनमध्ये दिसते, पण संगणकावर दिसत नाही, याचे कारणही हेच आहे. ती ग्रंथपालाच्या नोंदवहीत अजून चढलेली नसते. फोन बंद करून पुन्हा सुरू केल्यास बहुधा ती दिसू लागते.

अँड्रॉइड ६.० पासून केबल जोडल्यावर फोन आपणहून फक्त चार्ज होतो. फाइली दिसण्यासाठी फोनचे कुलूप उघडून, सूचनापट्टी खाली ओढून फाइल ट्रान्सफर हा पर्याय निवडावा लागतो. कुलूपबंद फोन कोणत्याही संगणकाला जोडून त्यातील मजकूर काढून घेता येऊ नये, हा यामागील हेतू आहे. तरीही फोन दिसत नसेल, तर केबल तपासावी. काही स्वस्त केबलींमध्ये केवळ विजेच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात. विंडोज संगणकात एमटीपीची सोय अंगभूत असते. मॅकओएसमध्ये ती नसल्याने वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागते.

केबलीच्या टोकाच्या आकारावरून वेग ठरत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. यूएसबी २.० ची सैद्धान्तिक मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट असते आणि प्रत्यक्ष वेग त्याहून बराच कमी पडतो. २०२३ मधील आयफोन १५ व आयफोन १५ प्रो या दोहोंना टाइप-सी हेच छिद्र आहे, परंतु पहिल्याचा वेग यूएसबी २.० इतकाच, तर दुसऱ्याचा योग्य केबल असल्यास सेकंदाला १० गिगाबिटपर्यंत आहे.

आयफोन विंडोज संगणकाला जोडल्यास फाइल एक्सप्लोररमध्ये केवळ छायाचित्रे व चित्रफिती दिसतात. मॅकवर २०१९ पासून आयट्यून्सऐवजी फाइंडरमधून ही कामे होतात.

बिनतारी मार्ग

ब्लूटूथ सर्वत्र उपलब्ध असले, तरी ते सावकाश चालते. नेहमीच्या जोडणीत त्याची सैद्धान्तिक मर्यादा सेकंदाला ३ मेगाबिट असल्याने एक जीबीच्या चित्रफितीला प्रत्यक्षात तासाहून अधिक वेळ लागू शकतो. वाय-फायवर आधारलेल्या सोयी पुष्कळच वेगवान असतात. ॲपलच्या उपकरणांत एअरड्रॉप, तर अँड्रॉइड व विंडोज यांच्यात क्विक शेअर ही सोय वापरता येते. भारतात या कामासाठी शेअरइट व झेंडर ही ॲप फार लोकप्रिय होती. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९अ अन्वये ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत या दोहोंचा तसेच ईएस फाइल एक्सप्लोररचा समावेश होता.

व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच छायाचित्र पाठवून ते संगणकावर उतरवून घेणे ही आज घरोघरी चाललेली रीत आहे. ती सोपी खरी, पण जतनासाठी योग्य नव्हे. या मार्गाने छायाचित्र आकुंचित होते आणि ते केव्हा टिपले, याची त्यात दडलेली नोंदही गळून पडते. तेच छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.

मराठी फाइलनावे व फॉन्ट

विंडोजमध्ये फाइलीचे नाव २५५ चिन्हांपर्यंत चालते. अँड्रॉइडच्या अंतर्गत साठवणीत मात्र ही मर्यादा २५५ बाइटची आहे. यूटीएफ-८ या संकेतनात रोमन अक्षराला एक बाइट, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, वेलांटी, अनुस्वार व हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'स्नेहसंमेलन' या एका शब्दात ११ चिन्हे, म्हणजे ३३ बाइट होतात. त्यामुळे ८५ चिन्हांहून लांब मराठी नाव असलेली फाइल संगणकावर बिनतक्रार राहते, पण फोनमध्ये जाण्यास नकार देते. नाव तोकडे केले की अडचण सुटते.

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर फोनवर उघडला, तर तेथे रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो. अशी फाइल प्रवासात बिघडलेली नसते. तिच्यात मुळात रोमन संकेतच असतात आणि त्यांना देवनागरी रूप देणारा फॉन्ट फोनमध्ये नसतो. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे किंवा संगणकावरच त्याची पीडीएफ करून पाठवणे हे त्यावरील उपाय होत.

प्रतींची व्यवस्था

फोनमधील जागा मोकळी करण्यासाठी फाइली 'कट' करून संगणकावर 'पेस्ट' करण्याची पद्धत टाळावी. मध्येच केबल सैल झाली, तर कोणत्या फाइली पोहोचल्या व कोणत्या नाहीत, हे उमगत नाही. आधी 'कॉपी' करावी, दोन्हीकडील फाइलींची संख्या व एकूण आकार ताडून पाहावा, मधल्या काही फाइली उघडून पाहाव्यात आणि मगच फोनमधील मूळ फाइली पुसाव्यात. प्रत केल्यावर फाइलीपुढे दिसणारी तारीख कधी कधी बदलते. छायाचित्र टिपल्याची अंतर्गत नोंद मात्र कायम राहते.

समक्रमण म्हणजे प्रतजतन नव्हे. गूगल फोटोजमध्ये फोनवरून काढून टाकलेले छायाचित्र खात्यातूनही जाते. त्याची प्रत आधी खात्यात चढलेली असल्यास ते ६० दिवस कचरापेटीत राहते, नंतर कायमचे नष्ट होते. मेमरी कार्ड फोनच्या अंतर्गत साठवणीचा भाग म्हणून जोडले असेल, तर ते कूटबद्ध होते व काढून दुसऱ्या यंत्रात घातल्यास वाचता येत नाही. अलीकडील फोनची स्वतःची साठवणही कूटबद्ध असते. त्यामुळे पडदा फुटून संकेतांक टाकता येईनासा झाला, की फोन चालू असूनही संगणकाला त्यातील काहीच मिळत नाही. पडद्यावरील दृश्य शाबूत असून केवळ स्पर्श बंद पडला असेल, तर ओटीजी जोडणीने साधा माउस लावून संकेतांक टाकता येतो व फाइली उतरवून घेता येतात.