दिवाणांची शिकवणी

१८८१ साली बडोद्याच्या राजवाड्यात एक शिकवणी चालली होती. शिकणारे सयाजीराव गायकवाड अठरा वर्षांचे होते. मालेगावजवळच्या कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा बाराव्या वर्षीही त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शिकवणारे होते दिवाण सर टी. माधवराव. कुंभकोणमला जन्मलेले तंजावरी मराठी, मद्रासेत वाढलेले, पन्नाशी ओलांडलेले. शिकवणीची भाषा इंग्रजी, गादी मराठ्यांची, बहुसंख्य रयत गुजराती आणि वर नजर ठेवून असलेलं इंग्रज सरकार. राजाने तब्येत कशी सांभाळावी इथपासून खुशमस्कऱ्यांना दूर कसं ठेवावं, मंत्री कसे निवडावेत, राजवाड्याचा खर्च कुठे थांबवावा आणि इंग्रजांशी कसं वागावं इथपर्यंत सगळं त्यात होतं. ही व्याख्यानं पुढे ‘मायनर हिंट्स’ नावाने छापली गेली.

आज चेन्नईत असं शिकवणं हा पेशाच झाला आहे. शेजारच्या श्रीपेरंबुदूर-ओरगडम पट्ट्यात ह्युंदाईपाठोपाठ कितीतरी परदेशी कारखाने आले. परदेशातून आलेल्या कुटुंबांना इथे रुळवण्यासाठी रंजिनी मणियन यांनी १९९५ मध्येच ‘ग्लोबल अॅडजस्टमेंट्स’ ही कंपनी काढली होती. क्रॉस-कल्चरल कोच हा शब्द आता इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मला मात्र या पेशाचा पूर्वज मद्रासच्या या मराठी माणसात, माधवरावांत दिसतो. दुसऱ्याच्या रीतीभातीतून वाट काढायला शिकवणारा माणूस एका नोकरीत तयार होत नाही, हे त्यांच्या आयुष्याइतकं स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

सुरुवात मद्रासच्या हायस्कूलमध्ये झाली, ज्याचं पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झालं. हेडमास्तर होते एअर बर्टन पॉवेल. त्यांच्या व्हरांड्यात बांबूच्या नळ्यांना भिंगं बसवून हा विद्यार्थी दुर्बिणी तयार करायचा, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत येते. शिक्षण संपल्यावर थोडे दिवस तिथेच गणित आणि पदार्थविज्ञान शिकवलं, मग अकाउंटंट जनरलच्या कचेरीत दोनेक वर्षं हिशेब तपासले. या कारकुनीला चरित्रकार फारशी जागा देत नाहीत. माझ्या मते पुढच्या कामाचा पाया तिथेच घातला गेला. सरकार आतून कसं चालतं आणि एखादी रक्कम का अडते, हे त्या टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही.

१८४९ मध्ये एकविसाव्या वर्षी ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. आयिल्यम तिरुनाळ आणि विशाखम तिरुनाळ हे त्यांचे विद्यार्थी. नंतर महसूल खातं, मग दक्षिण भागाचे दिवाण पेशकार, आणि १८५७ मध्ये, तिशी गाठायच्या आत, दिवाण. वडील आणि चुलते दोघेही तिथेच दिवाण होऊन गेलेले. पण माधवरावांच्या वाट्याला आली ती थकलेल्या पगारांची, रिकाम्या खजिन्याची आणि खालसा होण्याच्या धमकीखाली दबलेली गादी. त्यांनी मिरी आणि तंबाखूचे सरकारी मक्ते मोडले, किरकोळ कर रद्द केले, हिशेब जागेवर आणले. त्रावणकोरला ‘आदर्श संस्थान’ म्हणू लागले ते याच काळात.

याच काळातलं एक प्रकरण टाळून पुढे जाणं मला पटत नाही. शाणार (आजच्या नाडार) स्त्रियांनी अंगावर वरचं वस्त्र घेण्यावरून दंगली झाल्या, तेव्हा डिसेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात दरबाराने जुन्या रिवाजाची बाजू घेतली. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांनी दबाव आणल्यावर १८५९ मध्ये परवानगी मिळाली, तीही उच्च जातींसारखं नेसायचं नाही या अटीवर. इंग्रज, दरबार आणि हिशेब या तिन्ही भाषा जाणणारा दिवाण इथे कमी पडला. ज्यांच्या अंगावरच्या कापडाचा प्रश्न होता, त्यांच्या बाजूला तो कधी बसलाच नव्हता.

१८७२ मध्ये महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्याशी बिनसलं आणि माधवरावांना पद सोडावं लागलं. ज्याला शिकवलं त्यानेच दूर केलं. पुढे दोन वर्षं इंदूरला होळकरांकडे काढली. १८७५ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावरच्या विषप्रयोगाच्या आरोपानंतर बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केलं गेलं आणि तिथला कारभार माधवरावांच्या हाती आला.

म्हणून ‘मायनर हिंट्स’मधलं मंत्र्यांविषयीचं बोलणं मी वेगळ्या कानाने ऐकतो. राजाने मंत्र्यावर विश्वास ठेवावा, कान भरणाऱ्यांचं ऐकून निर्णय बदलू नये, हे सांगणाऱ्या माणसाने दरबार गमावण्याचा अनुभव घेतलेला होता. खर्चाविषयी बोलतात ते अकाउंटंट जनरलच्या कचेरीतले माधवराव, इंग्रजांविषयी बोलतात ते खालसा होण्याच्या भीतीतून संस्थान सोडवलेले दिवाण. राजा कायद्याच्या वर नाही हे ते पुन्हा पुन्हा बजावतात, आणि मल्हाररावांच्या आठवणी ताज्या असलेल्या वाड्यात ते बजावणं सोपं नव्हतं.

शिकवणीच्याच वर्षी, २८ डिसेंबर १८८१ ला, सयाजीरावांना अधिकार मिळाले. त्या सोहळ्यासाठी माधवरावांनी त्रावणकोरच्या ओळखीतून राजा रविवर्म्याला बडोद्याला बोलावून घेतलं. पुढे त्याच्या चित्रांचे छापील ओलिओग्राफ काढावेत हा सल्लाही त्यांचाच. आपल्या आज्यांच्या देवघरांत टांगलेली लक्ष्मी-सरस्वती या सल्ल्यामुळे तिथवर पोचली. एका दरबारातली ओळख दुसऱ्या दरबारात कामी लावणं त्यांना सहज जमत असे.

बडोद्यातही शेवट त्रावणकोरसारखाच झाला. तरुण महाराजांशी मतभेद झाले आणि १८८२ मध्ये माधवराव मद्रासला परतले. तिथल्या मैलापुरात राहून ‘नेटिव्ह थिंकर’ या टोपणनावाने लेख लिहू लागले. १८८७ मध्ये काँग्रेसचं तिसरं अधिवेशन मद्रासला भरलं तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. देशभरातून आलेल्या सहाशेवर प्रतिनिधींचं स्वागत करायला याहून योग्य माणूस त्या शहरात नव्हता. ४ एप्रिल १८९१ रोजी मैलापुरात ते गेले.

सयाजीरावांनी शिकवणीतलं बरंच पाळलं, आणि गुरू जिथे थांबले त्याच्या पुढेही गेले. १९०६ मध्ये त्यांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. इंग्रजांशी सांभाळून वागण्याचा धडा मात्र त्यांनी बाजूला ठेवला. १९११ च्या दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जसमोर ते एकदाच वाकले आणि पाठ फिरवून निघाले. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यावर काहूर माजवलं आणि महाराजांना माफीपत्र लिहावं लागलं. माधवरावांनी या वागण्याला मान्यता दिली नसती, याबद्दल मला शंका नाही. तरीही इंग्रजांपुढे मान किती झुकवायची हे स्वतः ठरवणारा राजा त्यांच्याच शिकवणीतून उठला होता.