भांडण भाजीतल्या मिठाचे नसते

गेल्या पावसाळ्यात तिशीतले एक जोडपे दवाखान्यात आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बाईंची तक्रार डोकेदुखीची आणि झोप न येण्याची. रक्तदाब, हिमोग्लोबिन सर्व ठीक. सहज विचारले, घरी काही ताण? तशा बाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मी जरा काही बोलले की हे उठून शेताकडं जातात. चार-चार दिवस बोलत नाहीत." नवरा खाली मान घालून म्हणाला, "बोललं की वाढतंय, म्हणून गप बसतो." शेवटचे भांडण कशावरून झाले? भाजीत मीठ जास्त पडले म्हणून!

वाचकहो, मिठासाठी कोणी चार दिवस अबोला धरत नाही. मूळ फार मागे असते.

या गृहस्थाचे आई-वडील ऊसतोडीला जात. त्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. दिवाळीनंतर कोयता निघे, तो उन्हाळ्यात परते. मुलगा आजीजवळ राही. आजी मायाळू, पण थकलेली. रडून उपयोग नाही, गप राहावे, हे तो लहानपणीच शिकला. बाईंचे वडील दारू पीत. एक दिवस लाड, दुसऱ्या दिवशी आरडाओरडा. म्हणून समोरच्याच्या चेहऱ्यावर सतत नजर ठेवायची त्यांना सवय लागली. आता नवरा गप झाला की बाई घाबरून मागे लागतात आणि त्या मागे लागल्या की नवरा आणखी मिटतो. रहाटगाडगे चालूच.

आधाराच्या माणसाशी मुलाचे जे नाते जुळते, त्याला मानसशास्त्रात जवळिकीचा बंध म्हणतात. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. अन्नाइतकीच मुलाला मायेच्या माणसाच्या सततच्या सहवासाची गरज असते, असे त्यांनी मांडले. पुढे १९८७ साली अमेरिकेतील हॅझन व शेव्हर या संशोधकांनी दाखवले की, मोठेपणी जोडीदाराशी असलेले नातेही बरेचसे याच वळणाने जाते.

देवणीच्या माणसाला हे नवे वाटू नये. आपली देवणी गाय वासरू जवळ आल्याशिवाय सहसा पान्हवत नाही. पान्हा सुटतो तो मेंदूतून स्रवणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. माणसातही हेच संप्रेरक आईच्या दुधाशी आणि जवळिकीच्या भावनेशी जोडलेले आहे.

मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग धोक्याची घंटा वाजवतो. ती वाजली की छाती धडधडते आणि विचार करणाऱ्या पुढच्या मेंदूचा ताबा सुटतो. लहानपणी ज्याची घंटा वारंवार वाजली, त्याची मोठेपणीही लवकर वाजते. पण तिला शांत करणारे औषधही घरातच असते. २००६ साली अमेरिकेत १६ विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसेल असे सांगून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले गेले. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे भाग सर्वाधिक शांत राहिले. परक्याच्या हाताने तेवढे नाही. संसार जितका सुखाचा, तितका परिणाम मोठा.

याच विचारावर कॅनडात स्यू जॉन्सन व लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात जोडप्यांसाठी उपचारपद्धती विकसित केली. त्यात चूक कोणाची हे ठरवत नाहीत. रागाच्या खाली दडलेली भीती एकमेकांना सांगायला शिकवतात.

घरी काय करावे?

१) छाती धडधडू लागली की वाद थांबवा. पण न सांगता उठून जाऊ नका. "अर्ध्या तासाने बोलू" म्हणा आणि ठरल्या वेळी परत या.

२) "तुम्हाला माझी किंमतच नाही" असे म्हणण्याऐवजी "तुम्ही बोलत नाही तेव्हा मला एकटं वाटतं" असे म्हणा.

३) रोज दहा मिनिटे टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून एकमेकांचे ऐका. सल्ला देऊ नका.

मात्र मारहाण होत असेल तर हे उपाय पुरेसे नाहीत. तेथे आधी सुरक्षितता. ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ क्रमांकावर मदत मागावी. मनावरील ताणासाठी शासनाची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

काही जण विचारतील, मग दोष आई-वडिलांचाच का? मुळीच नाही. पोटासाठी गाव सोडणाऱ्यांना कोणत्या तोंडाने दोष द्यावा? शिवाय बालपण म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे. आजी, काका, शिक्षक, पुढे जोडीदार यांपैकी कोणाचाही भरवशाचा आधार मिळाला, तर बंध नव्याने घट्ट होऊ शकतो.

ते जोडपे दोन महिन्यांनी पुन्हा आले. डोके अजून अधूनमधून दुखते, पण झोप लागते. नवरा आताही शेताकडे जातो, मात्र "येतो तासाभरात" असे सांगून. बाई म्हणाल्या, भांडण सुरू झाले की त्यांचा चार वर्षांचा मुलगा दाराआड जाऊन उभा राहायचा, तो आता खेळत बसतो.

मला वाटते, खरा उपचार त्या मुलावर झाला.