लहान कुत्र्याचा खोकला : घशात हाड अडकलेले नसते

कार्तिक वद्य अष्टमीला, म्हणजे कालभैरव जयंतीला, भैरवगढच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांची चंगळ असते. (आपल्या कालनिर्णयात कार्तिक आणि शेजाऱ्यांच्या पंचांगात अगहन; त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, दिवस मात्र एकच.) भैरवाचे वाहन म्हणून कोणी पोळी आणतो, कोणी इमरती, कोणी दूध-बिस्किटे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आणि खंडोबाच्या घोड्यामागे एक, हे पाहतच आपण मराठी घरांतली माणसे मोठी होतो, त्यामुळे यात आपल्याला काही वेगळे वाटत नाही. शिवाय या देवळातल्या पगडीची आणि महादजी शिंद्यांची गोष्ट आपल्याकडे आजी-आजोबा सांगतातच.

याच दिवसांत थंडी सुरू होते, दिवाळीचा धूर नुकताच ओसरलेला असतो आणि घरातले पॉमेरेनियन, पग, शिह त्झू खोकू लागतात. समाजातल्या बऱ्याच घरांत मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा त्याही पलीकडे आहेत आणि घरी दोन म्हातारी माणसे व एक लहान कुत्रा. तो खोकू लागला की त्या घरातली झोप जाते. म्हणून हा लेख.

आधी आमची चूक सांगतो. आमचा गोट्या, दहा वर्षांचा पॉमेरेनियन, दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत रात्री उठून खोकू लागला. मान पुढे ताणायची, कोरडे ठसके द्यायचे आणि शेवटी उलटी आल्यासारखे करून थोडा पांढरा फेस टाकायचा. आम्हाला वाटले, जयंतीच्या गर्दीत कोणी हाड टाकले असेल, तेच घशात अडकले. तोंड उघडून पाहिले, केळे भरवले, हळद-मध चाटवला. मग कपाटातले माणसांचे खोकल्याचे औषध अर्धा चमचा पाजले. असे सोळा दिवस काढले. सतराव्या रात्री तो आडवाच होईना. पुढचे पाय फाकवून, मान वर करून बसून राहिला आणि पोट भात्यासारखे हलत होते. सकाळी डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, घसा ठीक आहे, हृदयाचे बघावे लागेल.

खोकल्याच्या शेवटी फेस टाकणे हे बहुतेक वेळा उलटीचे किंवा हाडाचे लक्षण नसते. जोराच्या ठसक्यांनी घशातला चिकट द्रव वर येतो, इतकेच. खरोखर काही अडकले असेल तर कुत्रा एकाएकी घाबरतो, पंजाने तोंड ओरबाडतो, लाळ गाळतो. दोन आठवडे खोकत बसत नाही. आणखी एक प्रकार लोकांना घाबरवतो : कुत्रा ताठ उभा राहतो आणि नाकाने आत, आत, आत असा घोरल्यासारखा आवाज काढतो. ही उलटी शिंक. काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात थांबते आणि कुत्रा काही झालेच नाही अशा थाटात शेपूट हलवतो. गळ्यावरून हलका हात फिरवावा. आवाज कोणताही असो, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्यावा, कारण दवाखान्यात गेल्यावर कुत्रा हमखास खोकत नाही.

आता लहान जातींचे खास दुखणे. कुत्र्याची श्वासनलिका इंग्रजी सी अक्षरासारख्या कूर्चेच्या कड्यांनी उघडी राहते. कड्यांची पाठीकडची बाजू मऊ पडद्याने मिटलेली असते. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, टॉय पूडल यांसारख्या जातींत ही कूर्चा वयाप्रमाणे ढिली पडते आणि श्वास घेताना-सोडताना नळी चपटी होते. पाणी पिताना, पाहुणे आल्यावर उड्या मारताना किंवा पट्टा ओढला गेला की बदक ओरडल्यासारखा कर्कश ठसका येतो. एक्स-रेमध्ये हे कधी दिसते, कधी निसटते, कारण नळीचा आकार श्वासागणिक बदलतो. चालत्या एक्स-रेवर किंवा दुर्बिणीने तपासले तर ते नीट कळते.

यावर पहिला उपचार म्हणजे गळपट्टा काढणे. बाहेर नेताना छातीवरून बांधायचा हार्नेस वापरावा, म्हणजे ओढ गळ्यावर येत नाही. आपल्याकडे भैरवाच्या देवळातला काळा दोरा कुत्र्याच्या गळ्यात बांधायची हौस असते. तो हार्नेसच्या पट्ट्याला बांधा. भैरव रागावणार नाही. दुसरा उपचार वजन. चार किलोच्या कुत्र्यावर अर्धा किलो चरबी चढली, तर ती साठ किलोच्या माणसावर साडेसात किलो चढल्यासारखी आहे. ती छातीभोवतीही साठते आणि श्वास आणखी जड होतो. जयंतीची इमरती, चहातले बिस्किट, जेवताना टेबलाखाली सरकवलेला तुपाचा घास, हे सगळे तिथे जमा होते. हे दोन बदल आणि गरजेप्रमाणे ठसका दाबणारे, सूज उतरवणारे किंवा श्वासवाहिन्या सैल करणारे औषध, एवढ्यावर बहुतेक कुत्रे वर्षानुवर्षे चांगले राहतात. नळीत जाळीदार स्टेंट बसवण्याची वेळ फार थोड्यांवर येते आणि तोही कायमचा इलाज नसतो.

धुराचा विचार आपल्या गावात वेगळा करावा लागतो. घरात सकाळ-संध्याकाळ धूप, उदबत्ती, कापूर. भैरवगढमध्ये छपाईची घरे आहेत. बाटिकच्या कापडावर मेण गरम करून लावतात आणि रंगल्यावर ते उकळत्या पाण्यात काढतात. भट्टीजवळ गेले की धूर आणि मेणाचा वास आपल्यालाही जाणवतो. जमिनीपासून फूटभर उंचीवर नाक असलेल्या जिवाचे काय होत असेल? पूजेच्या वेळी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि फिरायला नेताना भट्टीच्या गल्ल्या टाळा. देवळाच्या आवारात मद्याचा प्रसाद सांडलेला असतो, तोही चाटू देऊ नका. इतक्या लहान अंगाला थोडी दारूही विषासारखी.

गोट्याचे दुखणे मात्र हृदयाचे निघाले. लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत सर्वांत जास्त आढळणारा हृदयरोग हाच : डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होते, नीट मिटत नाही आणि रक्त उलटे गळते. डॉक्टरांना नळीतून त्याची घरघर ऐकू येते, तीही बऱ्याचदा खोकला सुरू होण्याच्या कितीतरी आधी, कधी काही वर्षे. हृदय फुगत जाते आणि शेवटी फुप्फुसात पाणी साठते. म्हणून सातव्या-आठव्या वर्षानंतर दरवर्षी लस देताना डॉक्टरांना छाती नीट ऐकायला सांगा. गोट्याला लस नियमित होती, छाती ऐकायला आम्ही कधी सांगितलेच नाही.

हे आधी कळण्याचा फायदा मोठा आहे. पिमोबेंडन नावाचे औषध हृदयाचे आकुंचन सुधारते आणि रक्तवाहिन्या सैल करते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, हृदय मोठे झालेल्या पण अजून लक्षणे नसलेल्या ३६० कुत्र्यांपैकी निम्म्यांच्या आसपास कुत्र्यांना हे औषध दिले होते. हृदय निकामी होणे किंवा त्यामुळे मृत्यू येणे हे त्यांच्या बाबतीत सरासरी १५ महिन्यांनी लांबले. कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने म्हणजे पुष्कळ. पाणी साठल्यावर लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड जोडतात. मग कुत्रा जास्त पाणी पितो आणि रात्री बाहेर जायला मागतो. अशा वेळी पाण्याचे भांडे उचलून ठेवायचे नाही; मूत्रपिंडासाठी अधूनमधून रक्त तपासायचे. पिमोबेंडन जेवणाच्या तासभर आधी द्यावे, हे आम्हाला उशिरा समजले.

गंमत अशी की श्वासनलिका ढिली आणि झडपही गळकी, असे दोन्ही एकाच कुत्र्यात असू शकते. म्हणून छातीचा एक्स-रे आणि जमल्यास हृदयाची सोनोग्राफी केल्याशिवाय नुसत्या ठसक्यावरून औषध ठरवू नये.

घरात मात्र एक मोजमाप कोणालाही करता येते. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर-खाली होणे म्हणजे एक श्वास. ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. निरोगी कुत्र्याचे झोपेतले श्वास सहसा मिनिटाला ३० च्या आत असतात. दोन-तीनदा मोजूनही ३० च्या वर येत असेल तर डॉक्टरांना फोन; ४० च्या वर गेले तर त्याच दिवशी दवाखाना. हिरड्या निळसर, करड्या किंवा पांढऱ्या दिसल्या, कुत्रा आडवा होत नसेल, कोसळला असेल, तर मोजत बसू नका, गाडी काढा.

एकाएकी सुरू झालेला, जोराचा, हॉर्नसारखा खोकला आणि कुत्रा आठवडाभरापूर्वी बोर्डिंगमध्ये किंवा दुसऱ्या कुत्र्यांत मिसळलेला, असे असेल तर संसर्गाचा केनेल कफ संभवतो. खात-पित असेल तर एक ते तीन आठवड्यांत उतरतो. तोवर इतर कुत्र्यांपासून लांब ठेवावे. लहान पिल्लू खोकते आहे, डोळ्या-नाकातून चिकट पाणी येते आहे, अंग तापले आहे, तर डिस्टेंपरची शंका घ्यावी आणि थांबू नये. ही लस पिल्लाला सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते; एका टोचणीवर भागत नाही.

पगबद्दल दोनच शब्द. २००३ च्या हचच्या जाहिरातीने हा कुत्रा घराघरांत लाडका झाला, पण त्याचे घोरणे लाडाचे नाही. नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मऊ भाग लांब असल्याने हवा आत जायला झगडते. उज्जैनच्या मे महिन्यात, पारा ४० च्या वर असताना, त्याला दुपारी बाहेर नेणे धोक्याचे आहे. फार त्रास असेल तर नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळू कमी करण्याची शस्त्रक्रिया होते, आणि ती तरुणपणी केलेली बरी.

कपाटातल्या औषधांचे सांगायचे राहिले. माणसांच्या सर्दी-खोकल्याच्या औषधांत बरेचदा पॅरासिटामॉल असते, काहींत नाक मोकळे करणारी द्रव्ये, आणि साखर नसलेल्या सिरपांत झायलिटॉल असू शकते. ही तिन्ही कुत्र्याला घातक ठरू शकतात. आयब्युप्रोफेनने पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. आम्ही पाजलेल्या अर्ध्या चमच्यात काय होते ते आम्ही नंतर बाटलीवर वाचले आणि गप्प बसलो.

रात्री-अपरात्री गाडी नसेल, तर पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा. पथक प्रामुख्याने गुराढोरांसाठी आहे आणि वेळही ठरलेली असते, तरी विचारून पाहायला हरकत नाही. गुंतागुंतीच्या तपासण्यांसाठी इंदूर जवळ आहेच आणि त्यापुढे महूला १९५५ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते जबलपूरच्या ज्या विद्यापीठाखाली येते त्याला आपल्याच नानाजी देशमुखांचे नाव आहे. जाण्याआधी चौकशी करा, आणि प्रवासात कुत्र्याला पाटीत किंवा मांडीवर गुंडाळून घेऊ नका. त्याला हवे तसे बसू द्या, खिडकी थोडी उघडी ठेवा.

गोट्या आता बारा वर्षांचा आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी, हार्नेस, आणि वजन पाच किलोवरून सव्वाचारवर. यंदाच्या जयंतीला आम्ही त्याला घरीच ठेवले आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी बिनसाखरेच्या पोळ्या नेल्या. रोज रात्री त्याचे श्वास मोजून कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहितो. काल २४ होते.