दोन राखाडी छटा आणि अम्मींचे डोळे

ईदेपूर्वी अम्मींची खोली रंगवायची ठरली. शेड कार्ड चाळता चाळता शेवटी दोन फिकट राखाडी छटा उरल्या. रंगारी म्हणाला, "कुठलीही घ्या, भिंतीवर सारखंच दिसतं." आम्हीही मान डोलावली असती, पण अम्मींचा दिवस याच खोलीत जातो. नमाज, तिलावत, दुपारची झोप, सगळं इथंच. शिवाय त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

आम्ही दोन्ही रंगांचे छोटे डबे आणले. दोन मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात दिले आणि चारी बाजूंनी पांढरी कड सोडली. थेट जुन्या भिंतीवर नमुना लावला, तर जुना रंग डोळ्याला फसवतो. ओला रंगही फसवतो, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत थांबलो. मग पुठ्ठे एकेका भिंतीला टेकवून पाहिले : फज्रनंतर, भर दुपारी आणि मगरिबनंतर दिवा लावून.

फरक तेव्हा कळला. एका राखाडीत निळ्याची किंचित झाक होती, दुसरीत मातीची. अम्मींच्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. तिथून थेट ऊन फारसं येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो. त्या उजेडात पहिली छटा अधिकच थंड झाली. पांढऱ्या ट्यूबखाली तर दवाखान्याची भिंत वाटली. मातकट छटा मात्र दिवसभर शांत राहिली. पिवळ्या दिव्याखाली ती जरा जास्त पिवळी दिसते, एवढंच.

तरी अम्मींना विचारलंच. त्यांनी उजवा डोळा झाकला आणि म्हणाल्या, "दोन्ही मातीचेच तर आहेत!" मग डावा झाकला. "अरे, हा तर निळा आहे!"

मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं. ते काढून नवं भिंग बसवलं की निळा रंग एकदम उठून दिसतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचं ऑपरेशन व्हायचं असेल, तर त्यांच्या खोलीचा रंग शक्यतो नंतरच ठरवावा. आधी पसंत केलेली भिंत नंतर परकी वाटू शकते. एकाच डोळ्याचं झालं असेल, तर त्या डोळ्याचं ऐकावं.

अम्मींच्या खोलीला मातकट राखाडी दिला. निळसर छटाही वाया गेली नाही. आमच्या हॉलमध्ये दुपारनंतर पश्चिमेचं कडक ऊन येतं. तिथं तीच छटा डोळ्याला गारवा देते. रंग वाईट नव्हता, फक्त त्याची खोली दुसरी होती.

अम्मींचा डावा डोळा ईदनंतर होईल, इन्शाअल्लाह. भिंत त्याचीच वाट पाहते आहे.