१०८ : आधी पत्ता सांगा!

दोस्तांनो, १९०५ साली हॉलंडमधल्या लायडन शहरात आइन्थोव्हेन नावाच्या शास्त्रज्ञानं गंमतच केली. रोगी रुग्णालयात आणि त्याच्या हृदयाचा आलेख उमटला दीड किलोमीटर दूर, प्रयोगशाळेत! मध्ये होती फक्त टेलिफोनची तार.

आपल्याकडे तार गेली, मोबाईल आले. नागोठण्याजवळ महामार्गावर अपघात झाला, कुणाच्या छातीत कळ आली, तर १०८ लावायचा. पैसे पडत नाहीत. २०१४ साली ही सेवा सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी, गाडीत डॉक्टरसुद्धा! फोन मात्र वाजायचा पुण्याच्या नियंत्रण कक्षात. तिथल्या ताईंना आपली अंबा नदी कशी ठाऊक असणार?

चौथीच्या वर्गात आम्ही लुटूपुटूचा फोन लावला. निम्मी मुलं 'आमच्या घराजवळ या' यापुढे जाईनात! म्हणून पाठच करा : नागोठणे, तालुका रोहा, जिल्हा रायगड. शिवाय जवळची खूण, म्हणजे देऊळ, शाळा, एसटी स्टँड. मग माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालतोय का, रक्त वाहतंय का, हे बघून सांगायचं. त्यावरूनच पलीकडचे लोक काय करायचं ते सांगतात. ते 'ठेवा' म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.

आणि हो, पालकांनो, मुलांच्या हाती फोन देताना हा आकडाही सांगून ठेवा.