मोत्याची पॉलिसी

कुत्र्याचा विमा! ऐकूनच हसू आलं ना? आजोबांना विचाराल तर ते म्हणतील, "आमचा मोत्या अंगणात पडलेला असायचा. भाकरी खायचा, रात्री भुंकायचा. त्याला कसली आलीय पॉलिसी?" पण दोस्तांनो, ही कल्पना तशी जुनीच आहे. स्वीडनमध्ये १९२४ साली एका कुत्र्याचा विमा उतरवला गेला होता. अमेरिकेत १९८२ साली अशी पॉलिसी निघाली ती पडद्यावरच्या लाडक्या ‘लॅसी’च्या नावानं. आपल्याकडेही आता कुत्र्यांसाठी, आणि काही कंपन्यांकडे मांजरांसाठीसुद्धा, पॉलिसी मिळते.

याची गरज काय, हे समजायला ‘पार्व्हो’ या आजाराची ओळख करून घेऊ. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू संध्याकाळपर्यंत चप्पल पळवत असतं, आणि रात्री ओकाऱ्या सुरू होतात. मग रक्ताचे जुलाब. या विषाणूला मारणारं हुकमी औषध नाही. सलाईन लावायचं, ओकाऱ्या थांबवायच्या, आणि पिल्लाचं शरीर लढाई जिंकेपर्यंत त्याला धरून ठेवायचं. त्यात कित्येक दिवस जातात. रोज दवाखाना, रोज बिल. डॉक्टर म्हणतात, "अजून चार दिवस ठेवावं लागेल," आणि आईबाबा एकमेकांकडे बघतात. त्या बघण्यात काय असतं, ते घरातल्या मुलांना बरोबर कळतं.

तुम्ही म्हणाल, विमा कशाला? आम्ही महिन्याला २५० रुपये डब्यात टाकू. छान! वर्षाचे ३,००० होतील. पण पार्व्हो दुसऱ्याच महिन्यात आला तर डब्यात असतील फक्त ५००. विमा म्हणजे शेकडो घरांनी मिळून ठेवलेला एकच मोठा डबा. सगळे थोडं थोडं टाकतात, आणि ज्याच्या मोत्यावर वेळ येते त्याला त्यातून मोठी रक्कम मिळते. ज्यांचे कुत्रे वर्षभर ठणठणीत राहिले त्यांचे पैसे परत येत नाहीत. ते दुसऱ्या कुणाच्या तरी सलाईनसाठी गेलेले असतात.

डबा सगळ्यांचा म्हटल्यावर नियम आलेच. आपल्याकडे म्हण आहे ना, तहान लागल्यावर विहीर खणणं? विम्यात नेमकं हेच चालत नाही. पिल्लू ओकायला लागल्यावर पॉलिसी काढता आली असती, तर आधी कोण काढेल? डबा आठवड्यात रिकामा होईल. म्हणून पॉलिसी निघाल्यावरही सुरुवातीचे काही दिवस आजारपणाचे पैसे मिळत नाहीत. कुठे पंधरा दिवस, कुठे महिना, एखाद्या आजाराला त्याहून जास्त. पॉलिसी काढण्याआधीपासून असलेलं दुखणंही साधारणपणे धरत नाहीत. मोत्या आधीच लंगडत असेल आणि तुम्ही ते फॉर्मवर लिहिलंच नसेल, तर डॉक्टरांच्या जुन्या केसपेपरवरून ते उघड होतं आणि पैसे अडकतात. तेव्हा फॉर्म भरताना बाबांच्या शेजारी बसा. मोत्याच्या दुखण्यांची यादी तुम्हालाच जास्त पाठ असते!

तिसरी अट लसींची. पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीज यांच्या लसी आहेत. ज्या रोगाची लस वेळेवर टोचलेली नाही, त्याचा खर्च द्यायला बहुतेक पॉलिसी नकार देतात. आणि लसीचा स्वतःचा खर्च? तोही सहसा मिळत नाही. आंघोळ, केस कापणं, नेहमीचं खाणं हेसुद्धा आपलं आपण. एकदा वाटतं, हा अन्यायच आहे. पण विमा असतो अचानक येणाऱ्या संकटासाठी. लस तर ठरलेल्या तारखेला येणारच असते.

आता थोडं गणित करू. आकडे मी हिशेबापुरते घेतलेत, खरे आकडे प्रत्येक पॉलिसीत निराळे. समजा वर्षाचा हप्ता ३,००० रुपये. आजारपणासाठी मर्यादा १५,००० रुपये. शिवाय अट अशी, की दर बिलातला १० टक्के भाग मालकानं सोसायचा. मोत्याचं बिल झालं २२,०००. त्यात २,००० रुपये लस आणि खाण्याचे, ते वजा. उरले २०,०००. त्यातले १० टक्के, म्हणजे २,००० आपले. राहिले १८,०००. मिळतील का? नाही! मर्यादा १५,००० ची, म्हणून १५,०००च. म्हणजे बिलातले ७,००० खिशातून आणि हप्त्याचे ३,००० मिळून आपला खर्च १०,०००. विमा नसता तर २२,०००. फरक मोठा आहे, पण ‘सगळं फुकट’ नाही.

हप्ता कमी-जास्त का होतो? वय आणि जात. म्हातारा कुत्रा जास्त आजारी पडतो, म्हणून ठराविक वयानंतर नवी पॉलिसी मिळतच नाही. अल्सेशियनचे खुबे, लांबुडक्या डाक्सहुंडची पाठ, चपट्या नाकाच्या पगचा श्वास, प्रत्येक जातीचं दुखणं ठरलेलं. स्वीडनमध्ये तर इतक्या कुत्र्यांचे विमे असतात, की कंपनीच्या नोंदींवरून संशोधकांनी कुत्र्यांच्या आजारांचा अभ्यास केलाय. आणि आपला गावठी मोत्या? काही पॉलिसींत त्यालाही जागा असते. विचारल्याशिवाय मात्र कुणी सांगत नाही.

गावाकडच्या मित्रांना विमा म्हटलं की गाईच्या कानातला पिवळा बिल्ला आठवेल. त्यावर १२ अंकी नंबर असतो. विमा उतरवलेली गाय हीच, हे त्या बिल्ल्यावरून ठरतं. बिल्ला हरवला आणि कळवलं नाही, तर दावा अडतो. पण हा विमा मुख्यतः गाय दगावली तर पैसे देतो, औषधपाण्याचे नाही. २०२४ साली केंद्र सरकारनं पशुधन विम्याच्या हप्त्यातला शेतकऱ्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणला, बाकीचा केंद्र आणि राज्य मिळून भरतात. कुत्र्याच्या पॉलिसीला अशी मदत नाही. कुत्र्याची ओळख पटवायला फोटो लागतात, किंवा कातडीखाली बसवलेली तांदळाच्या दाण्याएवढी चिप. तिच्यात १५ अंकी नंबर असतो.

कुत्र्यांच्या पॉलिसीही सगळ्या सारख्या नसतात. काही फक्त मृत्यूची भरपाई देतात, काही उपचारांचे पैसे देतात, काहींत कुत्रा चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार दिल्यावर रक्कम मिळते. आणखी एक भाग असतो, मोत्या शेजारच्या काकांना चावला आणि भरपाई द्यायची वेळ आली तर. (विमा असो-नसो, चावल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा!) म्हणून ‘पॉलिसी आहे’ एवढ्यावर खूष होऊ नका. ‘यात काय मिळत नाही’ हे पान आधी उघडा. ते बारीक अक्षरात असतं, पण तुमचे डोळे तरुण आहेत.

हप्ता परवडत नसला तरी दार बंद होत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गाई-म्हशींबरोबर कुत्र्या-मांजरांनाही थोड्या शुल्कात तपासतात. मुंबईत परळला जनावरांचं जुनं मोठं रुग्णालय आहे, सारी मुंबई त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणते. मोत्याचं लसीचं कार्ड तिथेही सोबत न्यायचं.