मेंढपाळाचा एक दिवस

गेल्या कार्तिकांतील गोष्ट. सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या सडकेनें धनगरांचे कळप मुक्कामाकडे फिरले होते, धुळीचा लोट ओसरीपर्यंत येत होता, आणि माजघरांत सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत आमच्या पुतण्यानें कोठून तरी मिळविलेली एक जुनी तबकडी लावली होती. आमचे थोरले काका झोपाळ्यावर डोळे मिटून ऐकत होते. पहिली बाजू संपतांच त्यांनीं डोळे उघडले.

"अहिर भैरव, आणि तोहि दिवेलागणीला? शिवाय एक राग उभा राहतो न राहतो तोंच दुसरा हजर! हें वादन नव्हे. कापडवाल्यानें उलगडून दाखविलेले नमुने आहेत हे."

"आजोबा, ही सबंध एकच गोष्ट आहे," पुतण्या म्हणाला. "एका मेंढपाळाचा पहांटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस आहे."

"मेंढपाळाचा दिवस पाहावयाचा तर सडकेवर जा," काका म्हणाले, आणि वाद पेटला. तो दोन दिवस जेवणाच्या पंगतीस पुरला. त्या वादाचा निकाल देण्याची माझी योग्यता नाहीं. परंतु त्या तबकडीची हकीकत मात्र सांगण्याजोगी आहे.

तिचें नांव ‘कॉल ऑफ द व्हॅली’, म्हणजे दरीची हाक. हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीनें ती १९६७ सालीं काढली. संतूर शिवकुमार शर्मा ह्यांचें, बासरी हरिप्रसाद चौरसिया ह्यांची, गिटार ब्रिजभूषण काबरा ह्यांची, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यांतील एका मेंढपाळाचा दिवस हा विषय. परंतु तो सांगण्यास शब्द नाहींत कीं गायक नाहीं. आपल्याकडे प्रत्येक रागास प्रहर नेमून दिलेला आहे, त्या संकेताच्याच आधारानें कथा पुढें सरकते. अहिर भैरव आणि नट भैरव ह्यांनीं सकाळ उजाडते, पिलूनें दिवस कलतो, आणि तबकडी उलटली म्हणजे झपतालांतील भूप, मग देस, आणि शेवटीं पहाडी.

ही निर्मिति ज्यांच्या देखरेखीखालीं झाली त्या गृहस्थाचें नांव घरांतील वडील मंडळींस निराळ्याच कारणानें ठाऊक असेल. ते म्हणजे जी. एन. जोशी. कायद्याचें शिक्षण घेतलेल्या ह्या विदर्भाकडील तरुणानें मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे ह्यांची ‘शीळ’ ही कविता तबकडीवर गायिली, आणि ध्वनिमुद्रित मराठी भावगीताचा आरंभ त्या गाण्यापासून मानण्याचा प्रघात पडला. पुढें हेच जोशी कंपनीच्या नोकरींत शिरले व गाणाऱ्याच्या जागेवरून उठून गाणें टिपून घेणाऱ्याच्या जागेवर बसले. ‘स्वरगंगेच्या तीरी’ ह्या आत्मवृत्तांत त्यांनीं आपल्या ह्या वाटचालीच्या आठवणी लिहिल्या आहेत. तरुणपणीं रानांतली शीळ गाणाऱ्या माणसानेंच उतारवयाच्या उंबरठ्यावर दरीची हाक मुद्रित करावी, हा योगायोग मला तरी फार गोड वाटतो.

जोशींच्या उमेदवारीच्या काळांतील तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटें मावत. मोठमोठ्या गवयांना रात्र रात्र चालणारा राग तेवढ्यांत आटोपावा लागे. कित्येकांना तो अपमान वाटे. परंतु ज्यांना साधलें त्यांच्या त्या साडेतीन मिनिटांत रागाचा अर्क उतरला, हें आजहि त्या तबकड्या ऐकणारा कबूल करील. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंत लांब मुदतीची तबकडी निघाली. तिचे फेरे मिनिटाला सव्वातेहतीस ते साडेतेहतीस ह्यांच्या दरम्यान, आणि एका बाजूस वीस मिनिटें सहज मावत. कांहीं वर्षांनीं ती आपल्याकडेहि आली. एवढी ऐसपैस जागा मिळाल्यावर बहुतेकांनीं साहजिकच एकेक राग विस्तारानें मांडला. ह्या मंडळींनीं मात्र ती जागा मिळूनहि रागांना आखडतें ठेवलें, आणि लांबीचा उपयोग राग वाढविण्याऐवजीं एका रागाचें दुसऱ्याशीं नातें दाखविण्यासाठीं केला. खरा प्रयोग तो हाच. रागांच्या नियमांना त्यांनीं हात लावला नाहीं. बदलली ती ऐकण्याची चौकट.

दुसरें धाडस वाद्यांचें. आज कोणास खरें वाटणार नाहीं, परंतु त्या काळीं ह्या तिन्ही वाद्यांची रागसंगीतांतील स्थिति थोडीबहुत पाहुण्यासारखीच होती. संतूर हें काश्मीरांतील सूफियाना संगीताच्या साथीचें वाद्य. शंभराच्या आसपास तारा, आणि त्यांवर दोन हलक्या लांकडी काड्यांनीं आघात करावयाचा. आघात झाला कीं स्वर सुटा वाजतो आणि विरतो; एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यांत निघत नाहीं. ज्या संगीताचा जीवच मींडेंत, त्यांत असलें वाद्य काय कामाचें, असा आक्षेप जाणत्यांनीं घेतला होता. जम्मूचे शिवकुमार ह्यांचा जन्म १९३८ चा. वडील उमादत्त शर्मा ह्यांच्या आग्रहावरून ते ह्या वाद्याकडे वळले, आणि १९५५ सालीं मुंबईच्या मैफलींत त्यांनीं तें प्रथम वाजविलें. त्याच वर्षीं आलेल्या व्ही. शांताराम ह्यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ ह्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतांतहि त्यांचें संतूर आहे. वाद्याची रचना व काडी फिरविण्याची पद्धति बदलून त्यांनीं स्वरास लांबी आणण्याची खटपट आयुष्यभर केली.

गिटारचें नेमकें उलट. काबरा तें वाद्य आडवें ठेवून पोलादी कांडी तारांवरून सरकवीत. त्यामुळें त्यांत मींड हवी तेवढी! परंतु तें पडलें परदेशी, सिनेमांतल्या गाण्यांत वाजणारें. जोधपूरच्या ह्या वादकानें अली अकबर खां ह्यांच्यासारख्या सरोदियाकडे शिकून तें रागदारीस लावलें. बासरीला पन्नालाल घोषांनीं मैफलींत मानाचें पान मिळवून दिलें होतें खरें. पण ते १९६० सालीं गेले, आणि अलाहाबादच्या एका पहिलवानाचा मुलगा असलेल्या हरिप्रसादांना ती जागा अद्यापि सिद्ध करावयाची होती. तिघेहि तिशीच्या आंतबाहेर. आतां हीं वाद्यें एकत्र ऐकतांना ध्यानांत येतें कीं, संतुराला जें जमत नाहीं तें गिटार करतें, गिटारला जो झरझर थेंबांचा नाद येत नाहीं तो संतुराचा, आणि श्वासाचा ओलावा बासरीकडून येतो. एकट्याचें उणें दुसऱ्यानें झांकावें, असें आमच्या एकत्र कुटुंबांतहि इतक्या बिनबोभाट क्वचितच घडतें!

ह्याच १९६७ सालीं सातासमुद्रांपलीकडे रॉक म्हणविणाऱ्या संगीतांतहि मोठी उलथापालथ चालू होती. इंग्लंडांतील बीटल्स मंडळींची ‘सार्जंट पेपर्स’ ही तबकडी त्या वर्षीं निघाली; न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ ह्या चौकडीची, कर्कशपणालाच अलंकार मानणारी पहिली तबकडीहि त्याच वर्षींची. सुट्या गाण्यांची मोळी न बांधतां संबंध तबकडी हीच एक कृति मानावयाची, ही कल्पना तिकडे नवी म्हणून वाखाणली जात होती. इकडे मुंबईंत, त्या गलबल्याशीं कांहीं संबंध नसतां, तीच गोष्ट प्रहरांच्या जुन्या आधारावर उभी राहिली. पुढें दोन्ही वाटा प्रत्यक्षच भेटल्या. जानेवारी १९६८ मध्यें बीटल्सपैकीं जॉर्ज हॅरिसन हा मुंबईस ह्याच कंपनीच्या ध्वनिमुद्रणालयांत येऊन बसला. ‘वंडरवॉल’ ह्या चित्रपटासाठीं त्यानें जें संगीत तेथें मुद्रित केलें त्यांत शिवकुमारांचें संतूर आहे, आणि ‘द इनर लाइट’ ह्या त्याच्या गाण्यांत हरिप्रसादांची बासरी. दरीची हाक पाश्चात्त्य वादकांच्या बैठकींतून आवडीनें ऐकली जाई, असेंहि सांगतात.

तबकडीनें तिघांचें भाग्य उघडलें, परंतु सारखें नव्हे. शिवकुमार व हरिप्रसाद ह्यांची जोडी ‘शिव-हरि’ ह्या नांवानें ‘सिलसिला’ (१९८१), ‘चांदनी’ (१९८९) अशा चित्रपटांचें संगीत देती झाली; हरिप्रसादांना २००० सालीं व शिवकुमारांना २००१ सालीं पद्मविभूषण मिळालें. शिवकुमार १० मे २०२२ रोजीं मुंबईस निवर्तले. काबरांचें नांव मात्र ह्या दोघांच्या मानानें मागें राहिलें, आणि २०१८ सालीं ते गेले तेव्हां कित्येक घरांत त्याची वार्ताहि झाली नाहीं. विश्वमोहन भट्ट ह्यांना त्यांच्या मोहनवीणेसाठीं १९९४ सालीं ग्रॅमी हें अमेरिकन पारितोषिक लाभलें, तेव्हां ती वाट अगोदर मळविणारा कोण, हें किती वर्तमानपत्रांनीं आठवलें असेल? मला ही चुटपुट लागून राहिली आहे.

वारशाची दुसरीहि बाजू आहे, आणि ती लपविण्यांत अर्थ नाहीं. ह्या तबकडीच्या मागून निसर्गाचें नांव घेणाऱ्या, पाण्याची झुळझुळ आणि पांखरांची किलबिल मिसळलेल्या शेंकडों तबकड्या निघाल्या. उपाहारगृहांत आणि दवाखान्यांत गिऱ्हाइकाचें मन शांत करण्यापलीकडे त्यांना कांहींच सांगावयाचें नसतें. काकांच्या आक्षेपांत म्हणून तथ्य आहे. थोडक्यांत राग मांडणें हें ज्यांनीं पूर्वीं विस्तारानें मांडला आहे त्यांनाच शोभतें. बाकीच्यांच्या हातीं खरोखर नमुनेच राहतात. ह्या तिघांमागें वर्षांची मेहनत होती, ती अनुकरण करणाऱ्यांनीं वगळली.

घरांतला वाद कसा मिटला तें सांगावयाचें राहिलें. तिसऱ्या दिवशीं पहांटे, अजून अंधारच होता, काकांनीं काठी आपटून पुतण्यास उठविलें. "ऊठ रे. तुझा तो मेंढपाळ निघाला असेल." पोरगा डोळे चोळीत उठला, तबकडी लावली. अहिर भैरव झाला, नट भैरव झाला. आणि पिलूचे पहिले स्वर येतांच काकांनीं हात वर केला. "थांब. हा दुपारचें जेवण झाल्यावर." भूप त्या दिवशीं देवापाशीं दिवा लागल्यानंतर वाजला, आणि देस व पहाडी रात्रीं निजानीज होण्याच्या सुमारास. तेव्हांपासून आमच्याकडे हाच शिरस्ता आहे. पुतण्याची तक्रार एवढीच कीं, अशी वरचेवर सुई उचलून ठेवल्यानें तबकडीला चरे पडतील.